साखरेचे कोठार

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या उपचारांचा एक अध्याय आहे. रोग वाढलेल्या माणसास तेथे व्यायाम, कुस्ती, घोड्यावरची रपेट, पायी फिरणे असे श्रम सांगितले आहेत. ज्यापाशी पैसा नाही आणि आप्तही नाहीत, त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, असेही म्हटले आहे. यांतले चालणे तेवढे आपण उचलले. मधुमेह निघाला की आपला निवृत्त गृहस्थ पहाटे पर्वतीच्या वाटेला लागतो. कुस्ती आणि विहीर मात्र मागे राहिली. साठीनंतर जड उचलू नये, ही समजूत घरोघरी आहे. माझ्या वडिलांना मधुमेह होता. झाडांना पाणी घालण्याची त्यांची बादली आम्ही मुलांनी मोठ्या भक्तीने त्यांच्या हातून काढून घेतली. आणि चार वर्षांनी खुर्चीतून उठताना त्यांना हात द्यावा लागू लागला.

आमचे चुकले कोठे, हे समजण्यास गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. १९२१ साली टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांना इन्शुलिन हाती लागले, तेव्हा मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा तुटवडा, असा हिशेब सोपा वाटला. १९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी तो बिघडवला. रोग्यांना साखर पाजून त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन दिले, तर काहींची साखर काबूत राही, काहींची बेधडक चढे. म्हणजे काहींचे शरीर इन्शुलिनला दादच देत नव्हते! (प्रमेही दोन प्रकारचे, एक जन्मतःचा आणि कृश, दुसरा अपथ्याने झालेला आणि स्थूल, हा भेद सुश्रुतानेही केला आहे, दोन्ही गोष्टी एकच, असे मात्र मी म्हणणार नाही.) पुढे १९६० साली न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्शुलिन मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. उतारवयात मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तात ते कमी नव्हतेच, उलट जास्त होते.

मग साखर अडते कोठे? इन्शुलिनच्या हुकमाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा हातापायांच्या, पाठीच्या स्नायूंत जातो. स्नायू हे साखरेचे कोठार होय. वयाबरोबर ते आकसते, आणि न वापरल्यास त्याची दारेही गंजतात. माणूस बसून राहिला की दोन्ही गोष्टी एकदम होतात.

परंतु म्हाताऱ्याचे कोठार पुन्हा बांधता येते काय? १९९० साली बोस्टनच्या मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना पायाने वजने उचलावयास लावली. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हाताच्या आधारावाचून खुर्चीतून उठू न शकणारे त्यांत तिघे होते. त्यांतला एक उठू लागला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. साखरेचा प्रश्न त्या प्रयोगात नव्हता. तो बोस्टनलाच २००२ साली कार्मेन कास्तानेदा यांनी घेतला. मधुमेह असलेले ६२ वयस्क लोक, त्यांतल्या निम्म्यांना सोळा आठवडे वजनांचा व्यायाम. तीन महिन्यांच्या साखरेचा जो आकडा आपण एचबीएवनसी म्हणून तपासतो, तो व्यायाम करणाऱ्यांत ८.७ वरून ७.६ वर आला. इतरांत हलला नाही. स्नायूंतला साखरेचा साठाही वाढला.

मला सर्वांत आवडतो तो २००४ साली कोपनहेगनहून प्रसिद्ध झालेला प्रयोग. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी फार तर अर्धा तास व्यायाम. पण एकाच पायाने! दुसरा पाय नुसता साक्षीदार. माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच. तरी इन्शुलिनच्या हुकमाला कमावलेला पाय अधिक साखर उचलू लागला, आणि साखर आत घेणारे जीएलयूटी-४ नावाचे प्रथिन त्या पायात वाढलेले आढळले. याचे कारण मांस चढले एवढेच नव्हते. दारांचा गंज गेला होता.

पुण्याच्या माणसाला यात जास्त लक्ष घालण्याचे कारण आहे. २००४ सालीच येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या इंग्रज मित्रासमवेत स्वतःचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! काट्यावर आपण सडपातळ ठरतो आणि आत कोठार लहान असते. अशा माणसाला चालून चालून आणखी वाळवण्यात काय हशील? कृश रोग्याला सतत जपावे, हे सुश्रुताने त्याच अध्यायात बजावले आहे. आणि व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असेही तो अन्यत्र सांगतो.

डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल, रक्तदाब चढा असेल, इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि जोर लावताना श्वास कोंडू नये. बाकी सामान घरात असते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे ही तालमीतली बैठकच आहे, भिंतीला हात लावून रेटणे हा जोराचा धाकटा भाऊ.

माझीही साखर आता सीमेवर आहे. मुलगा परवा बादली घ्यावयास पुढे झाला. मी ती दिली नाही.