पहिला ‘हँगओव्हर’, दुसरा ‘हँगओव्हर’ आणि आपला रिपीट प्रयोग

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा एक प्रयोग भलताच छान आला. लगेच तो आकडा कॉन्फरन्सच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये टाकून मी मोकळी झाले. मग प्रयोग रिपीट केला, तर निकाल जेमतेम निम्मा! तीच रसायनं, तोच प्रोटोकॉल. चुकलं कुठे, हे शोधण्यात दोन महिने गेले. उत्तराची दिशा सापडली ती एका चावट सिनेमाच्या इतिहासात.

जून 2009 मध्ये टॉड फिलिप्सचा ‘द हँगओव्हर’ आला. लग्नाआधीच्या पार्टीसाठी मित्र लास व्हेगासला जातात. सकाळी तिघांना रात्रीचं काहीच आठवत नाही, नवरदेव गायब आणि बाथरूममध्ये वाघ! बजेट सुमारे 3.5 कोटी डॉलर, जगभरातली कमाई 46 कोटींच्या वर. शिवाय विनोदी/संगीत विभागात गोल्डन ग्लोब.

2011 मध्ये दुसरा भाग आला. आता गाव बँकॉक. वाघाऐवजी माकड, पडलेल्या दाताऐवजी चेहऱ्यावर टॅटू, नवरदेवाऐवजी नवरीचा भाऊ गायब. सांगाडा तोच. बजेट 8 कोटी, कमाई 58 कोटींच्या वर.

मग सरस कोणता? आधी मोजपट्टी ठरवा. एकूण कमाईत दुसरा पुढे. बजेटच्या पटीत बघितलं तर पहिला सुमारे 13 पट, दुसरा सुमारे 7 पट. समीक्षकांचं म्हणाल तर पहिला दहापैकी जवळपास आठांना आवडला, दुसरा तिघांपैकी जेमतेम एकाला. आणखी एक गोम आहे. दुसऱ्याची तिकिटं लोकांनी पहिल्याच्या आठवणीवर काढली. म्हणजे त्या कमाईत पहिल्याचंही मोजमाप मिसळलेलं आहे.

दुसरा फिका का पडला? समीक्षकांचं सरळ उत्तर होतं: तोच विनोद पुन्हा सांगितला. पटतं. पण 2013 च्या तिसऱ्या भागात ‘सकाळी काही आठवत नाही’ हा साचाच बाजूला ठेवला होता. तरी समीक्षकांची पसंती आणखी घसरली, कमाईही सुमारे 36 कोटींवर आली. म्हणजे पुनरावृत्ती हे एकमेव कारण धरता येत नाही.

इथे फ्रान्सिस गाल्टन आठवतो. फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी कमी उंच भरतात, हे त्याने 1886 मध्ये आकड्यांनिशी मांडलं. टोकाच्या निकालात नशिबाचाही वाटा असतो आणि तो पुढच्या वेळी मिळेलच असं नाही. सिक्वेल बहुतेक हिट सिनेमांचेच निघतात, पडलेल्यांचे कोण काढणार? म्हणजे तुलनेची सुरुवातच आपण शिखरावरून करतो. मग पुढचा भाग खाली दिसणारच, दिग्दर्शक कितीही हुशार असो.

अर्थात, एका मालिकेवरून दोन्ही कारणांचा वाटा वेगळा काढता येणार नाही. त्यासाठी असे बरेच सिनेमे तपासावे लागतील, आणि तेही निवडून घेतलेले नकोत.

माझ्या प्रयोगातही तेच झालं होतं. आणखी चारदा केला, तेव्हा सगळे आकडे ‘निम्म्या’च्याच आसपास आले. रिपीट चुकला नव्हता, पहिलाच निकाल शिखरावरचा होता. अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला आकडा मी बदलून पाठवला. मेल लिहिताना लाज वाटली, पण पाठवल्यावर झोप लागली.

तुमचा पहिला ग्राफ फारच देखणा आला असेल, तर तो गाईडला दाखवा जरूर. पण कुठेही छापायच्या आधी त्याचा सिक्वेल बघून घ्या.