खिशातला एडिटर आणि हरवलेली कळ

मध्यंतरी एका विद्यार्थिनीला मोबाइलवर प्रोग्रॅम दुरुस्त करताना पाहिले. घरी संगणक नाही, एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे निम्मे काम तिने फोनवरच केलेले. मधूनच ती आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरत होती. गाणे तर कुठेच चालू नव्हते! विचारले तेव्हा म्हणाली, "सर, ही माझी कंट्रोलची कळ." पडद्यावर होता व्हिम, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्या-सुधारण्यासाठी वापरला जाणारा एक टेक्स्ट एडिटर.

त्याचा पूर्वज १९७६ सालचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत बिल जॉय नावाचा विद्यार्थी तेव्हा 'व्हीआय' हा एडिटर लिहीत होता. घरून काम करायचे तर ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर २४ ओळी मावत आणि ओळीत ८० अक्षरे. गुणाकार करा: १९२० अक्षरे. पडदा एकदा भरायलाच ६४ सेकंद! साहजिकच जॉयने कमालीची काटकसर केली. आज्ञा एकाच अक्षराच्या ठेवल्या, आणि पडद्याचा बदललेला भागच पुन्हा रेखाटायचा असे ठरवले. तीच अक्षरे कधी मजकूर लिहितात, कधी आज्ञा देतात. मजकुरातून आज्ञांकडे येण्यासाठी 'एस्केप' ही कळ. एडीएम-३ए वर ती होती आजच्या टॅबच्या जागी, अगदी करंगळीखाली.

व्हीआयमध्ये खुणेची रेघ हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरे का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. उत्तर आस्की या संकेतप्रणालीत आहे. कॅपिटल एचचा क्रमांक ७२. कंट्रोल दाबून एच दाबले की ६४ वजा होतात, उरतात ८, आणि ८ म्हणजे 'एक घर मागे'. जेचे ७४ वजा ६४ म्हणजे १०, 'खालची ओळ'. त्या टर्मिनलवर ११ म्हणजे वर आणि १२ म्हणजे उजवीकडे. म्हणून उत्पादकाने या चार कळांवर बाणच छापले होते. जॉयने ते तसेच उचलले, फक्त कंट्रोल गाळले.

पुढे ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिम प्रसिद्ध केला आणि तो सर्वत्र पसरला. २००२ मध्ये शार्प कंपनीचा झाउरस एसएल-५५०० हा लिनक्सवर चालणारा खिशातला संगणक आला, तेव्हा व्हिम त्यावरही चालला. स्मृतीची अडचण नव्हतीच. पीडीपी-११ संगणकांवर पत्ते १६ बिटांचे, त्यामुळे प्रोग्रॅमला ६४ किलोबाइटच्या हिशेबात भागवावे लागे. झाउरसमध्ये ६४ मेगाबाइट, म्हणजे हजारपट. अडले ते रुंदीत. पडदा २४० ठिपके रुंद. ८० अक्षरे बसवायची तर एकेकाच्या वाट्याला तीन ठिपके! त्याच वर्षअखेरीस जपानमध्ये आलेल्या सी-७०० ची रुंदी ६४० ठिपके होती, आणि आठ ठिपक्यांत रोमन अक्षर वाचता येते. (आपले जोडाक्षर मात्र या सारख्या चौकटींत आजही अवघडूनच बसते.)

२००९ च्या नोकिया एन-९०० मध्ये ८०० ठिपके होते, सरकून बाहेर येणारा कळफलकही होता. पण त्यावर एस्केप नव्हती. ती टर्मिनलच्या खिडकीतल्या पट्टीवर शोधावी लागे. दर दोन-चार शब्दांनी लागणारी कळच नाहीशी झाली होती. पुढच्या फोनांत तर कळफलकच गेला, आणि काचेवर उमटणारा कळफलक पडद्याचा मोठा भाग खातो. माझ्या मते खिशातल्या एडिटरची खरी अडचण वेगाची वा स्मृतीची कधीच नव्हती. ती बोटांची आहे. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरची अवस्था आणखी बिकट, कारण त्याचा सारा कारभार कंट्रोलवर. त्याला अँड्रॉइडवर अधिकृत जागा मिळाली ती २०२५ मध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीपासून.

माझी विद्यार्थिनी वापरत होती ते टर्मक्स. त्यात आवाज कमी करण्याचे बटण कंट्रोलचे काम करते. उघडणाऱ्या चौकटी कंसाचा आस्की क्रमांक ९१. बटण धरून कंस दाबला की ९१ वजा ६४, म्हणजे २७. हाच एस्केपचा क्रमांक.

वर्गात विचारून पाहा: कॅपिटल एमचा क्रमांक ७७. कंट्रोल धरून एम दाबले, तर कोणती कळ दाबल्यासारखे होईल?