डेनिशॉन

* डेनिशॉन : रूथ सेंट डेनिस व टेड शॉन या दांपत्याने १९१५ साली लॉस एंजलिसमध्ये काढलेली नृत्यशाळा आणि तिची फिरती मंडळी. लेखकाने नर्तकी मार्था ग्रॅहॅमला ‘डेनिशॉनची शिष्या’ म्हटले आहे. ते खरे, पण अपुरे. सेंट डेनिसबाईंचे ‘राधा’ (१९०६) हे नृत्य हिंदुस्थान न पाहताच बसवलेले आणि संगीत फ्रेंच ऑपेरातले! हिंदुस्थानचा दौरा झाला तो १९२५-२६ मध्ये. ग्रॅहॅमने त्याआधीच, १९२३ साली, मंडळी सोडली होती. परदेशी देवदेवतांचा तो थाट तिने पुढे टाकून दिला. ‘लॅमेंटेशन’मध्ये (१९३०) ती बाकावर बसूनच नाचते, अंगावर ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी, बाहेर फक्त चेहरा, हात आणि पावले. आतून कोपर-गुडघा रेटला की कापडाला तिरप्या घड्या पडतात आणि शोक दिसतो तो त्या ताणात. श्वासाबरोबर धड आकसणे व सैल सोडणे हा तिच्या तंत्राचा पाया. डेनिशॉनचेच डॉरिस हम्फ्री व चार्ल्स वाइडमनही १९२८ मध्ये मंडळीतून बाहेर पडले. अमेरिकन आधुनिक नृत्य डेनिशॉनमध्ये शिकले हे मान्य. घडले मात्र ती सोडणाऱ्यांच्या हातून. — संपा.