जोरात पोहल्यावर शुगर कमी व्हायच्या ऐवजी वाढते, असं का?

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं युसूफ वडगाव घ्या किंवा मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव. इथं पोहायला शिकायचं म्हणजे कमरेला डबा किंवा ट्यूब बांधायची आणि विहिरीत उडी मारायची.

समजा, अशा विहिरीत पोहणाऱ्या एका मुलाला टाइप १ डायबेटिस आहे. एका दिवशी तो अर्धा तास निवांत पोहला. शुगर १५० वरून ११० वर आली. दुसऱ्या दिवशी मित्रांशी शर्यत लागली, दम लागेपर्यंत हात मारले. मीटरवर आकडा आला १९०. घरच्यांना वाटणार, मीटर बिघडलं. पण मीटर बरोबर असू शकतं.

निवांत पोहताना स्नायू ऑक्सिजनच्या मदतीनं चरबी आणि साखर जाळतात. शर्यतीत मात्र ॲड्रेनॅलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओतू लागतं. खूप जोराच्या व्यायामात यकृतातून बाहेर पडणारी साखर सात-आठ पट होऊ शकते, स्नायूंचा वापर मात्र तीन-चार पटच वाढतो. उरलेली साखर रक्तात दिसते. निरोगी माणसात इन्सुलिन वाढून ती थोड्या वेळात खाली येते. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही, त्यामुळे आकडा वर राहतो.

मग लॅक्टेटचं काय?

शर्यतीत स्नायू स्वतःमधलं ग्लायकोजेन झपाट्यानं फोडतात आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. आराम करताना ते रक्तात लिटरमागे साधारण १ मिलिमोल असतं. ४ च्या आसपास गेलं की ते निपटण्यापेक्षा जास्त वेगानं साठू लागतं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे (प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा). १०० किंवा २०० मीटरच्या शर्यतीनंतर चांगल्या जलतरणपटूत ते १० ते १५ पर्यंत, कधी त्याहून वर जातं. कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन ते मोजतात. सर्वांत मोठा आकडा शर्यत संपल्यावर काही मिनिटांनी येतो, म्हणून थेंब एकदाच घेऊन भागत नाही.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक जिंकलं. हा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आतला. पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पूर्ण केल्या. तिथं तासन्‌तास पोहायचं, त्यामुळे लॅक्टेट कमी ठेवणारा वेग आणि वेळेवर खाणं यावर सगळी मदार. दोघंही जलतरणपटूच, पण रक्ताचं गणित पार वेगळं.

लॅक्टेटला विष समजणं मात्र चूक. हृदय ते इंधन म्हणून वापरतं आणि यकृत त्याची पुन्हा साखर बनवतं. हे चक्र उलगडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या दाम्पत्याला १९४७ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या दिवशीची अंगदुखीही त्याच्यामुळे नसते. तोवर ते केव्हाच संपलेलं असतं. शर्यतीनंतर थांबण्याऐवजी हळूहळू पोहत राहिलं तर ते आणखी लवकर उतरतं.

खरा धोका कुठे आहे?

१९० बघून घाईनं इन्सुलिनचा पूर्ण डोस देण्यात. पुढचे काही तास स्नायू रिकामा झालेला साठा भरण्यासाठी साखर ओढत असतात, त्यामुळे रात्री झोपेत शुगर धोकादायक पातळीवर उतरू शकते. अशा वेळी डोस किती कमी घ्यायचा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवावं लागतं.

डायबेटिस आहे म्हणून पोहणं सोडायचं कारण नाही. अमेरिकेच्या गॅरी हॉल ज्युनियरला १९९९ मध्ये टाइप १ चं निदान झालं. त्यानंतर त्यानं २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं.

पाण्यात एक अडचण जास्त असते. शुगर उतरल्यावर येणारी थरथर आणि थकवा थंडीचा किंवा दमल्याचा वाटू शकतो. म्हणून उतरण्याआधी शुगर मोजायची. ती ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी गोड खायचं. विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, सोबत्याला आजाराची कल्पना द्यायची आणि काठावर हाताशी येईल अशी ग्लुकोजची पुडी ठेवायची.