साडी, सावली आणि रेषा : चित्रकार आंजेलो द फोन्सेका

चित्र देशी की परदेशी, हे ठरविताना सामान्य प्रेक्षक प्रथम पेहराव पाहतो. स्त्री साडी नेसलेली असली की चित्र आपले; पायघोळ झगा व सोनेरी केस दिसले की परके. ही कसोटी सोपी खरी, परंतु तिच्यामुळे एका गुणी गोमंतकीय चित्रकाराला आपला मुलूख सोडावा लागला.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर, एका कॅथलिक कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विलायती वळणात त्यांचे मन रमले नाही. ते बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत तयार झाले. पुढे त्यांनी साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची मरियामाता रंगविली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात पुष्कळ धर्मनिष्ठांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्यास आले आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले.

विरोधकांनी साडी पाहिली. कौतुक करणाऱ्यांनीही बहुधा साडीच पाहिली. चित्र दोघांच्याही नजरेतून सुटले.

याच्या उलट उदाहरण राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचली. विषय भारतीय, वेष भारतीय. पण त्या चित्रात प्रकाश एका बाजूने येतो, गालाची दुसरी बाजू सावलीत जाते, रेशमाचा पोत बोटांना जाणवावा असा उतरतो, आणि मागची भूमी दूर दूर सरकत जाते. तैलरंग, छायाप्रकाश, यथार्थदर्शन ही सारी साधने युरोपची. यात कमीपणा मुळीच नाही. रविवर्म्यांनी ती आत्मसात केली, हे त्यांचे मोठेपण. पण शैली म्हणाल तर ती साडीत नसून त्या सावलीत आहे.

फोन्सेका यांनी ही सावलीच काढून घेतली. नंदलालांनी तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. तेथे अंगाची सावली जमिनीवर पडत नाही. देहाची गोलाई मुख्यतः रेषेच्या वळणातून उमटते. खांद्यावरून कोपरापर्यंत उतरणारी एकच रेषा कोठे जाड होते, कोठे विरते, आणि डोळ्याला हाताचा भार कळतो. ही रेषेची शिकवण बंगालमार्गे फोन्सेकांपर्यंत आली. रंगाची रीत अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांच्या सहवासात घडविलेली : कागदावर जलरंग द्यायचा, तो पाण्याने धुवायचा, वाळला की पुन्हा द्यायचा. असे अनेकदा केल्यावर रंग कागदात मुरतो आणि आकृतीभोवती धुक्यासारखी शांतता पसरते. अशा चित्रात दिव्याचा झोत शोधू नये. उजेड रंगाच्या आतूनच येतो. म्हणून उद्या कोणी या मरियेला निळा विलायती झगा चढविला, तरी चित्र भारतीयच राहील. कोणत्या दुकानातून वस्त्र आणले, हा प्रश्न शिंप्याचा.

गोव्याला हे नवे वाटावे, याचे मात्र नवल वाटते. सतराव्या शतकात गोव्यातच हस्तिदंतात बाळ येशूच्या मेंढपाळ-मूर्ती कोरल्या जात. डोंगरावर बसलेला बालक, मिटलेले डोळे, गालाला टेकलेला हात. विषय ख्रिस्ती, पण आकाराची स्तब्धता ध्यानस्थ बुद्धाची आठवण देणारी. कोरणाऱ्या कारागिरांच्या हाताचे वळण त्यांत उतरले, आणि भाविकांनी त्या भक्तिभावाने घरी नेल्या. तेथे वस्त्र डोळ्यांत भरण्याजोगे नव्हते, म्हणून कदाचित तंटाही झाला नसावा.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. कोणतीही एक कलाशैली ख्रिस्तसभेने स्वतःची म्हणून स्वीकारलेली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ च्या डिसेंबरात, फोन्सेका वारले. ज्या गोव्यातून ते निघाले, तेथेच पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांच्या पत्नीने त्यांची चित्रे सोपविली.