हेराल्डची एक कडी

बुलढाण्यात मामांच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, 1960च्या दशकातली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. लहानपणी आम्ही भावंडं तिच्यात बसून शेगावला जाऊन यायचो. म्हणजे स्टिअरिंग फिरवायचो, गाडी जागची हलायची नाही. मागच्या वर्षी घरून काम करत असताना ती पुन्हा चालू करायचं मी मनावर घेतलं.

पहिल्याच दिवशी कळलं, ही गाडी सुटी करता येते. आजच्या बहुतेक कारमध्ये बॉडी हाच सांगाडा असतो, सगळं वेल्डिंगने एकजीव केलेलं. हेराल्डला खाली वेगळी चासी आहे आणि वर बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलतं. मग चाकावर बसून इंजिनचं काम करा.

मला वाटलं, ही कुणा डिझायनरची हुशारी असणार. खरं कारण अडचणीचं होतं. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 साली बीएमसी या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. नव्या गाडीची पूर्ण बॉडी बनवून देणारं कुणी उरलं नाही. मग वेगवेगळ्या ठिकाणी भाग करून घ्यायचे आणि बोल्टने जोडायचे, असं ठरलं. गाडीला रूप दिलं इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तीने. 1959 साली ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आली. तिच्याच आधारावर, आखूड चौकट आणि 1147 सीसीचं इंजिन घेऊन, 1962 साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार आली. 1980पर्यंत तीन लाखांहून अधिक स्पिटफायर बनल्या.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं. नुसते भाग आणून जोडणाऱ्या परदेशी कंपन्या सरकारला नको होत्या. जनरल मोटर्सने 1928 साली सुरू केलेला मुंबईचा कारखाना 1954 साली बंद झाला. कारच्या बाजारात मुख्यतः तीन नावं उरली: हिंदुस्थान, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. 1961पासून हेराल्ड मद्रासला बनू लागली, 948 सीसीच्या इंजिनासह. म्हणजे मामांच्या शेडमधली गाडी त्या विलायती स्पोर्ट्स कारची सख्खी नातेवाईक.

या नात्याचा आज फायदा होतो. इंग्लंडमधले शौकीन स्पिटफायर जपतात, म्हणून दोघींना चालणारे कितीतरी भाग अजूनही नवे मिळतात.

काम सुरू झालं. जुना रंग खरवडला, गंज घासून काढला, रेड ऑक्साइड मारलं, पुट्टी भरली, पाणी लावून घासलं. हेडलाइटच्या रिंगा प्लेटिंगसाठी छत्रपती संभाजीनगरला पाठवल्या. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंज अडवण्याचं खरं काम त्याच्या खालचं निकेल करतं.

जिवाशी गाठ मात्र दिसत नाही अशा ठिकाणी होती. पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं, त्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते काशाच्या ठोकळ्यात फिरतं. तिथे गिअर ऑइल घालायचं असतं. आमच्या गाडीत वर्षानुवर्षं ग्रीस भरलेलं निघालं. घट्ट ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही. आटे झिजतात, आत पाणी शिरून गंजतात, आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं पडतं. एका बाजूचा दांडा गंजून खड्डे पडलेला होता. तो बदलला. रंग पंधरा दिवस थांबला.

शेवटी राहिल्या बॉनेट बंद करायच्या दोन कड्या. डावी मूळची, उजवी ओबडधोबड, त्यावर हातोड्याचे ठसे. मी मोबाइलवर नवी विलायती जोडी शोधली, ऑर्डर करणार तेवढ्यात मामा म्हणाले, "तिले हात नको लावू. आबानं लोहाराकडून करून आनली थे. तवा भाग कुठं भेटत होते?"

आयातीवर निर्बंध होते त्या काळात बुलढाण्यात अडलेली गाडी अशीच चालती राहायची. मी ‘ओरिजिनल’च्या नादात नेमका तोच पुरावा भंगारात टाकणार होतो.

कडी घासली, तेल दिलं, परत बसवली. ठसे तसेच ठेवले. उजवीकडून बॉनेट लावताना अजूनही जरा जोर द्यावा लागतो.