वळिवड्याचे पावणे

परवा शनिवारी पुण्याहून बाईकवर कोल्हापूरला मावशीकडे चाललो होतो. आईने चादरी आणायला सांगितल्या होत्या, म्हणून गांधीनगरला वळलो आणि मागचं चाक बसलं! एका कापडाच्या दुकानातल्या सिंधी आजोबांनी स्वतःहून खुर्ची दिली, चहा मागवला, पोराला पंक्चरवाल्याकडे पिटाळलं. आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आम्ही पण इथं पावणे म्हणूनच आलो बेटा. आमच्या आधी पोलंडवाले होते."

पोलंडवाले? गांधीनगरात? घरी येऊन वाचत बसलो, रात्रीचे दोन वाजले.

तर झालं असं. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टॅलिन चालून आला. १९४० पासून पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली गेली. कित्येक थंडीने, भुकेने तिथेच गेली. मग जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, स्टॅलिनला मित्रांची गरज पडली आणि पोलिश कैद्यांना 'माफी' मिळाली. नशीब बघा, एका क्रूरकर्म्याच्या हल्ल्यामुळे दुसऱ्याच्या छावणीचं दार उघडलं! १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखभर माणसं इराणला पोचली. जी बोटीपर्यंत पोचू शकली नाहीत, ती मागेच राहिली.

पण पुढे कुठे? जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेकाठच्या वळिवडे गावाजवळ, सुमारे पाच हजार लोकांचं एक पोलिश गावच वसलं. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं होतं.

आता आपल्याला असं वाटतं की ही सगळी राजेमहाराजांची कृपा. पण छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधलं पोलिश निर्वासित सरकार करत होतं. कोल्हापूरने दिली ती जागा, आणि वागणूक. हिशेबात न मांडता येणारी गोष्ट म्हणजे ती वागणूक. नाहीतर पाच वर्षं राहिलेल्या छावणीची आठवण कुणी म्हातारपणापर्यंत कशाला जपेल? महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. तिकडे वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. मी लहानपणी सुट्टीत त्या बागेत शेकडो वेळा भेळ खाल्ली असेल, पण स्तंभावर काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही. लाज वाटली.

१९४८ पर्यंत ते लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कुणी परत पोलंडला, असे पांगले. आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींमध्ये राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. म्हणजे एकाच छपराखाली लागोपाठ दोन देशोधडीला लागलेले समाज सावरले!

निघताना आजोबांना पंक्चरचे पैसे देऊ केले. घेतले नाहीत. म्हणाले, "रस्त्यात कुणी अडकलेला दिसला तर त्याला दे."

अजून कुणी भेटलेला नाही. पण हायवेवर आता जरा हळू चालवतो. असो.